काळी मेम

"तू नको. तू अंदर जा."

मॉड आंटीनं माझा दंड धरला अन् मला खुर्च्यांच्या मागून बाहेर काढलं.

व्हरांड्यात तीन खुर्च्या मांडल्या होत्या. मधल्या खुर्चीत डॅडी. कोट, टाय, चकचकीत बूट. एका बाजूला मॉड आंटी बसणार, ती डॅडीची मोठी बहीण. दुसऱ्या बाजूला माझी धाकटी बहीण डेझी. मी डेझीच्या मागं उभी होते. तिच्या खांद्यावर हात ठेवून. आईनं एकाच कापडाचे दोन फ्रॉक शिवले होते. एक तिला, एक मला. तिच्या अंगावर तो फोटोतल्या पोरीसारखा दिसत होता. माझ्या अंगावर तो मागून आणल्यासारखा दिसत होता. असं आंटीच म्हणाली होती, सकाळी.

फोटोवाला काळ्या कापडातून डोकं बाहेर काढून पाहत होता.

"ये कौन है?"

"आया की लड़की," आंटी म्हणाली. "पानी लाएगी आपके लिए."

मी डॅडीकडं पाहिलं. डॅडीनं टाय सरळ केला. कॅमेऱ्याकडं पाहत राहिला.

मी स्वयंपाकघरात गेले. आईनं सगळं ऐकलं होतं. मी पोचायच्या आत तिनं गिलास भरून ट्रेमध्ये ठेवला होता. माझ्याकडं न पाहता म्हणाली, "जा. देऊन ये."

मी देऊन आले. तो प्याला. गिलास ट्रेमध्ये ठेवला. बाहेर डेझी हसत होती, कारण फोटोवाला तिला चिमणी दाखवतो म्हणाला होता.

तेव्हा मी बारा-तेरा वर्षांची असेन.

आमचं घर दुर्गच्या रेल्वे वस्तीत होतं. रुळाच्या एका बाजूला साहेबांची लाईन. लाल कौलं, बाग, व्हरांडा. दुसऱ्या बाजूला गँगमन अन् खलाशांची, म्हणजे रुळावर राबणाऱ्यांची क्वार्टरं, एक खोली अन् पुढं ओटा. तिथं सगळी नागपूर-भंडाऱ्याकडची माणसं. आपलीच. म्हणजे आईची. आई भंडारा जिल्ह्यातली, धानाच्या शेतीवाल्या घरातली. नाव गिरजा. लहानपणीच विधवा झालेली. तिचा भाऊ नत्थू गँगमध्ये लागला तेव्हा तिला सोबत घेऊन आला. भाकरी टाकायला. पुढं साहेबांच्या लाईनीत कामवाली पाहिजे होती, तिथं लागली. डॅडी मालगाडीचा ड्रायव्हर. अँग्लो-इंडियन. आजा विलायतेचा, असं तो सांगायचा. आजी कुठली, ते कधी सांगितलं नाही.

आई त्याच्या घरात कामाला गेली अन् तिथंच राहिली. मी झाले. सहा-सात वर्षांनी डेझी झाली. लग्न नाही. चर्चमध्ये नाही, मांडवात नाही. नत्थूमामानं गावाला कळवलं, गिरजा पटकीनं गेली. गावात तिचं दिवसपाणी पण झालं. तेरवीचं जेवण लोक जेवले. ती इकडं माझं न्हाऊमाखू करत होती.

डेझी डॅडीच्या रंगाची झाली. केस पिंगट. मी आईच्या रंगाची. फक्त डोळे डॅडीचे. घारे. काळ्या चेहऱ्यात घारे डोळे. रस्त्यात माणसं थांबून पाहत.

घरात मी त्याला डॅडी म्हणायची. कोणी आलं की साहेब म्हणायचं. हे मला कोणी शिकवलं ते आठवत नाही. चालायला कोणी शिकवलं ते आठवतं का? तसंच.

तो वाईट माणूस नव्हता. हेच सगळ्यात वाईट आहे. ड्युटीवरून आला की मला इंग्रजी शिकवायचा. मांडीवर घेऊन. माझ्या तोंडून शब्द नीट आला की टाळी द्यायचा. म्हणायचा, तुझा आवाज बंद डोळ्यांनी ऐकला तर कोणीही म्हणेल विलायतेची पोरगी. मी खूश व्हायची. बंद डोळ्यांनी, हे मला तेव्हा ऐकूच आलं नाही.

क्वार्टरांच्या बाजूला नळ होता. आमच्या लाईनीतलं पाणी कधी बंद पडलं तर तिथं जावं लागे. मी बादली लावली की बाया नळ घासून घेत. राखेनं. पोरं ओरडत, "काळी मेम! काळी मेम आली!" अन् रुळाच्या इकडे साहेबांच्या इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे त्यांच्या क्लबात, नाताळात झाड सजायचं, पोरांना खेळणी मिळायची. डेझी आत जायची. मी बाहेर तिचा कोट धरून उभी. आतल्या बाया आपसात इंग्रजीत बोलत, ही त्याचीच आहे म्हणे, डोळे पाहा. त्यांना वाटे मला कळत नाही.

नळावर डोळ्यांमुळं नको होते. इन्स्टिट्यूटमध्ये रंगामुळं नको होते.

त्याच वर्षांत तिकडं भिलाईला कारखाना बांधणं सुरू झालं. डॅडी गाड्या न्यायचा. लोखंड, सिमेंट, मोठमोठ्या खोक्यांतली मशिनं. अन् त्याच वर्षांत साहेबांच्या लाईनीतले बंगले एकेक करून रिकामे होऊ लागले. कोणी इंग्लंडला, कोणी ऑस्ट्रेलियाला. राज्य त्यांचं राहिलं नाही, आता इथं आपलं काय, असं ते बोलत. मॉड आंटी खरगपूरहून आली ती त्यासाठीच. ऑस्ट्रेलियाला जायचं. तिथं गोऱ्यांनाच घेत. दिसायला तरी गोरं पाहिजे. फोटो त्यासाठी काढला होता.

मग एक दिवस नागपूरला बोलावणं आलं. ऑस्ट्रेलियाचा साहेब आला होता, माणसं प्रत्यक्ष पाहायला. डेझी आईला सोडून राहीना, रडून रडून अंग तापवलं. म्हणून आईला न्यावं लागलं. अन् मला घरी एकटी ठेवायला आई तयार नव्हती.

आंटीनं आईसाठी पांढरी साडी आणली. निळ्या काठाची. आया नेसतात तशी. आई ती नेसली. आरशात पाहिलं नाही.

आंटीनं तिला वाक्य पाठ करून दिलं. मला पण.

तो साहेब एका बंगल्यात उतरला होता. उंच, तांबूस, तोंडभर तीळ. घामानं बेजार. सारखा रुमाल कपाळाला लावत होता. चांगलं बोलत होता. त्यानं डेझीला जवळ बोलावलं, केसांवरून हात फिरवला, नाव विचारलं. डेझीनं नाव सांगितलं अन् धावत जाऊन आईच्या पदरात तोंड लपवलं. म्हणाली, "आई, घरी चाल."



"जन्मापासून हिनंच सांभाळलं," आंटी इंग्रजीत म्हणाली, हसत. "बिचारी हिलाच आई म्हणते."

साहेबानं आईकडं पाहिलं. "तुम कौन?"

आई उभी राहिली. डेझीचे हात पदरातून सोडवले. एकेक बोट.

"मैं आया हूँ, साब. इसकी माँ मर गई."

माझी आई स्वतःच्या तोंडानं मेली. गावानं एकदा मारली होती. ही दुसरी वेळ. अन् या वेळी तिनं स्वतःच, पाठ केलेल्या वाक्यात, कुठंही न अडखळता.

मग साहेबानं माझ्याकडं पाहिलं. पाहतच राहिला. माझे डोळे पाहिले, मग डॅडीचे पाहिले. परत माझे. मला विचारलं, "अँड यू?"

मला सांगायचं होतं, आया की लड़की. तेवढंच. पोपटासारखं पाठ होतं. आई माझ्याकडं पाहत होती, नको म्हणून, डोळ्यांनी हात जोडत होती.

मी म्हणाले, "ही इज माय फादर." डॅडीनं शिकवला तसाच एकेक शब्द, नीट. मग डेझीकडं बोट दाखवून म्हणाले, "शी इज माय सिस्टर." मग आईकडं. "शी इज अवर मदर. शी इज नॉट डेड."

डॅडी हसला. थोडंसं. अन् इंग्रजीतच म्हणाला, "पोरीचं डोकं ठीक नाही. आम्ही दयेनं ठेवलं आहे."

त्यानं मला दिलेली भाषा, त्याच भाषेत.

तिकडच्या साहेबाला कळलं होतं. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. त्यानं रुमालानं कपाळ पुसलं, नजर खाली घातली अन् डॅडीला पुढचं विचारू लागला, रेल्वेत किती वर्षं नोकरी झाली.

परत येताना ते तिघं वरच्या दर्जाच्या डब्यात बसले. मी अन् आई थर्ड क्लासमध्ये, दाराजवळ, खाली. गोंदिया गेलं. डोंगरगड गेलं. राजनांदगाव यायच्या आधी आई म्हणाली, "कावून बोलली व तू? तिचं बिघडलं असतं तं?"

"मंग तू कावून मेली?"

"ती तरी सुटन. तिले कोणी नळावरून हाकलणार नाही."

"अन् मी?"

आई दाराबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, "तुयासाठी मी हावो ना."

मी तिच्यावर चिडले होते. फार चिडले होते. अन् तिचा हात सोडवत नव्हता.

त्यांचं मंजूर झालं.

ते गेले त्या दिवशी दुर्ग स्टेशनवर आम्ही सामान चढवून द्यायला गेलो. आई खाली उभी. डेझी खिडकीत. नवे बूट, नवी टोपी. ती खुशीत होती. तिला वाटत होतं सगळेच चाललो. गाडीची शिटी झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं.

"आई, तू बस ना! आई, तू कवा येतं?"

लोक वळून पाहू लागले. आंटीनं डेझीच्या तोंडावर चापट मारली अन् खिडकीची झडप खाली ओढली. झडपेच्या आतून आवाज येत राहिला. आई, आई. गाडी हलली तरी येत होता. आई गाडीसोबत चालली, मग धावली. तिची चप्पल निघाली. फलाटाच्या टोकाला एका हमालानं तिला धरलं.

गाडीत चढण्याआधी डॅडी माझ्यापुढं उभा राहिला होता. डोळे भरलेले. खरंच भरलेले. "बी अ गुड गर्ल," म्हणाला अन् हात पुढं केला, साहेब लोक करतात तसा. मी माझे दोन्ही हात पाठीमागं नेले. तो तसाच हात पुढं करून उभा. मग त्यानं तो खिशात घातला.

बंगला दुसऱ्याला मिळाला. आम्ही भिलाईला आलो. मजुरांचे कॅम्प पडले होते, बांबूच्या तट्ट्यांची झोपडी मिळाली. आई रेजा म्हणून लागली. कारखान्याच्या कामावर डोक्यावरून माती-गिट्टी वाहणाऱ्या बायांना तिकडं रेजा म्हणतात. थोडी मोठी झाले तशी मी पण लागले. सगळा मुलूख खणलेला. जिकडं पाहावं तिकडं खड्डे, लोखंड, धूळ. पहिली भट्टी पेटली तेव्हा लोक आरती ओवाळायला निघाल्यासारखे पाहायला गेले. आई गेली नाही. तिचं कोणत्याच गोष्टीत मन राहिलं नव्हतं. भाकरी थापता थापता थांबायची. म्हणायची, "तिथं भात खायले भेटत असंन का व तिले? तिले वरण-भाताबिगर झोप नाही येत."

कामावर रशियाचे इंजिनियर होते, त्यांच्या बायका बाजारात टोप्या घालून फिरत. झालं. माझे डोळे पाहून मुकादम विचारायचा, "कोण्या रशियनची हो तू?" बाकीचे हसत. मी त्यांच्या येण्याच्या कितीतरी आधी जन्मले होते. पण तोंडाला लागायचं नाही, आईनं शपथ घातली होती. मी पाटी उचलायची अन् चालू पडायची. नागपूरला एकदा बोलले, त्यानं काय झालं? काहीच झालं नाही. हेच मनात घोकत मी गप्प राहिले. वर्षं गेली. चिमण्या उभ्या राहिल्या, पक्के रस्ते झाले, सेक्टर वसले. आम्ही कॅम्पातच.

मग कॅम्पात कावीळ आली. आई पिवळी पडली. डोळे हळदीसारखे. कामावरची मनटोरा शेजारी राहायची, पाटणकडची छत्तीसगढी बाई, तिनं झाडपाल्याचं पाणी पाजलं. मी दवाखान्यात नेलं. उशीर झाला होता. शेवटी शेवटी आई म्हणाली, "मले पुरू नको वं. जाळजो. शिवनाथ नदीवर." बस तेवढंच मागितलं तिनं.

सकाळी गेली. दुपारपर्यंत नत्थूमामा आला. मनटोराच्या नवऱ्यानं निरोप दिला होता. मामा आता कारखान्यात पक्का झाला होता, सेक्टरमध्ये क्वार्टर, पोरं शाळेत. मी जन्मल्यापासून त्यानं आमचं दार पाहिलं नव्हतं. सोबत जातीतली चार-पाच माणसं होती.

तो आईच्या पायाशी बसला. तिच्या तळव्यांना भेगा होत्या, त्यात सिमेंट बसलेलं. धुऊनही निघालं नव्हतं. त्यावर हात ठेवून तो हमसून हमसून रडला. "बाई," म्हणत होता. "माय बाई." मला वाटलं, चला. उशिरा का होईना.

मग त्यानं डोळे पुसले अन् मला झोपडीमागं नेलं.

"हे पाह्य पोरी. लोकायले मी सांगतलं हाये का गिरजेचा नवरा आपल्यातलाच होता. रेल्वेत होता, गाडीखाली गेला. समजलं? अग्नी मी देतो. तू तिकडं पुढं येऊ नको."

"कावून?"

"तुये डोळे दिसतीन ना लोकायले." मग आवाज मऊ करून म्हणाला, "मी काई तुयं वाईट करून नाही राहिलो. दिवस होऊन जाऊ दे. तुले आमच्या घरी नेतो. एखादं स्थळ पाहू. कमी-जास्त वयाचा असंन, पण आपल्यातला. तू फक्त त्या माणसाचं नाव काढू नको. कधीच."

तो प्रेमानं बोलत होता. आंटी पण डेझीशी प्रेमानंच बोलायची.

मला एकदम सगळं दिसलं. तिकडं जागा पाहिजे तर आई मारा. इकडं जागा पाहिजे तर बाप मारा. दोन्हीकडं दार उघडं, फक्त उंबऱ्यावर एकाचा जीव ठेवून आत यायचं. आईनं ठेवला होता. स्वतःचाच. तिला काय मिळालं?

"मामा, अग्नी मी देईन," मी म्हणाले.

"बाईमाणूस देते का अग्नी? अन् त्यात तू..."

"त्यात मी काय? बोला."

मी समोर गेले. ती माणसं बिडी ओढत उभी होती. मी त्यांच्यासमोर उभी राहिले, तोंड वर करून, पाहायचं तेवढं पाहू दिलं. म्हणाले, "माझी आई गिरजा. माझा बाप अँग्लो-इंडियन ड्रायव्हर. गाडीखाली नाही गेला. जिवंत आहे. आम्हाला सोडून पळाला. ज्याला खांदा द्यायचा त्यानं हे ऐकून द्यावा."

एकानं बिडी टाकली. चपलेनं चिरडली. मग सगळे गेले. एकामागं एक, मागं न पाहता. मामा थोडा वेळ घुटमळला. आईच्या पायांकडं पाहिलं. मग तो पण गेला.

त्याला अडवावं असं मला वाटलं. खोटं कशाला सांगू. त्या वस्तीत माझ्या रक्ताचं तेवढं एकच माणूस होतं.

मनटोरा उठली. पदर खोचला. "झन रो नोनी," म्हणाली. "तोर दाई ला हमन उठाबो." रडू नको पोरी, तुझ्या आईला आम्ही उचलू. रेजा बायाच होत्या सगळ्या. रोज माती उचलणाऱ्या. त्यांनी तिरडी उचलली. फार हलकी होती, म्हणाल्या. पुढं मी.

नदीवर लाकडंवाला अडून बसला. बायांना लाकूड कसं देऊ, मर्द माणूस कुठं आहे. मग विचारू लागला, मयत कोणाची, जात कोणती, नवरा कोण. मी नाव सांगितलं. डॅडीचं पूर्ण नाव. साहेब न लावता. त्याला ते नीट ऐकू आलं नाही, तर परत सांगितलं. मोठ्यानं. आजूबाजूची माणसं वळून पाहू लागली तरी आवाज खाली आणला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी ते नाव चारचौघांत घेतलं. तोंड भाजलं नाही. आकाश पडलं नाही. त्यानं लाकडं दिली.

मी अग्नी दिला. आई लवकर जळली नाही. लाकडं ओली होती. बाया बसून राहिल्या.

मामाचा निरोप परत आला, दिवसांच्या आधी. अजून विचार कर म्हणून. मी विचार केला नाही. दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन कामावर गेले. मुकादमानं सवयीनं विचारलं, कोण्या रशियनची तू. मी पाटी खाली ठेवली अन् त्याला सगळं सांगितलं, बापाचं नाव, आईचं नाव, ती कशी मेली, तिला कोणी उचललं. सगळ्या गँगसमोर. तो म्हणाला, जाऊ दे, काम कर. मी म्हणाले, तू विचारलं, आता पूर्ण ऐक.

तसंच करत आले. जो विचारतो त्याला पूर्ण सांगते. त्याला लाज वाटली तर ती त्याची. घर दिलं नाही, नको. स्थळ दिलं नाही, नको. माझी आई कमी करून अन् माझा बाप वगळून मला जे मिळेल ते मी घेणार नाही, भाकर असली तरी.

अन् डेझी. ती कुठं आहे मला माहीत नाही. ती गोरी म्हणून मोठी झाली असेल. कधी आली समोर, तर मी तिला जवळ घेईन. पण गोड करून काही सांगणार नाही. तुझी आई कोण होती ते सांगेन. तिच्या तळव्यांत काय होतं ते सांगेन. ती नको म्हणाली तरी सांगेन. कान झाकले तर हात बाजूला करून सांगेन.